पिसं येईपर्यंत

पुण्यात खराडीला बसून मी पेंग्विन सांभाळतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पोरांसाठी फोटो मागतात. काम तसं रुक्षच आहे. दूरच्या एका थंड देशातल्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विनांचा तलाव आहे. तिथल्या पाण्याचं नि हवेचं तापमान आमच्या पडद्यावर दिसतं. आकडा वर सरकला की तिकडच्या देखभाल करणाऱ्या माणसाला फोन लावायचा. एक कॅमेरा साधा आहे, दुसरा फक्त उष्णता दाखवतो. गरम ते नारिंगी, गार ते निळं.

बाबा गेल्यावर आईला मी नागपूरहून इकडे आणलं. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि त्या घरात तिला एकटं ठेवायला माझं मन धजावेना. इथे आल्यापासून ती बाबांचा स्वेटर घालून बाल्कनीत बसायची. तेही भर एप्रिलमध्ये. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचा एसी फारच चांगला दिसतोय." आमच्याकडे एसी नव्हता. आई दोन घास खाऊन ताट सरकवायची. "मले भूकच नाही लागून राहिली," एवढंच. हात हातात घेतला तर गार लागायचा. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. ब्लाउज मात्र दंडावर सैल होत चालले होते. हे असंच चाललं तर हीसुद्धा जाणार, या भीतीने मला ऑफिसात कामही सुचत नव्हतं.

त्याच दिवसांत पडद्यावर एक पेंग्विन कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभा दिसू लागला. खायचा नाही, पाण्यात उतरायचा नाही. पिसं विस्कटलेली, भिजून वाळलेल्या कापसाच्या गादीसारखी. मी घाबरून फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, त्याच्या पाठी लागू नका, त्याची पिसं बदलतायत.

मग त्याने समजावून सांगितलं. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगाने ओढून घेतं. पेंग्विन त्यात टिकतो तो दाट पिसांखाली धरून ठेवलेल्या हवेमुळे आणि कातडीखालच्या चरबीमुळे. पायांकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला खेटून वाहतं आणि आपली ऊब वाटेतच त्याला देऊन टाकतं. पाय गार राहतात, काळीज गरम राहतं. खोल बुडी मारताना तर त्याचे ठोकेही मंदावतात. पण जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत पाणी थेट कातडीला भिडतं, म्हणून तो काठावरच उपाशी थांबतो. पिसं आली की आपणहून उतरतो.

मला ऐकून फार बरं वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला पेंग्विनाचा मिळाला. आईचंही असंच असेल, येईल ती आपणहून, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

एका दुपारी मी घरून काम करत होतो. आई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागे थांबली. पडद्यावर उष्णतेचा कॅमेरा चालू होता. पाण्याबाहेर असल्याने उरलेल्या पिसांनीही ऊब आत कोंडून धरलेली, त्यामुळे तो पक्षी जवळजवळ भिंतीइतकाच निळा दिसत होता. फक्त डोळे नारिंगी होते.

"हा मेला का रे?" आईने विचारलं.

"नाही. जिवंत आहे. आतून गरम आहे."

"मंग असा काहून उभा?"

मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती काहीतरी लक्ष देऊन बघत होती.

"खाऊन नाही राहिला, तं जगते कशावर?"

"आधी खाऊन घेतो. चांगला दुप्पट लठ्ठ होतो, आणि मग त्यावर काढतो."

आई त्या डोळ्यांकडे वाकली. मग म्हणाली, "मी कुठी खाल्लं होतं? तुह्या बाबाच्या दवाखान्यात मी जेवत कुठी होती?"

बाबांच्या आजारपणात तिचा डबा जसाच्या तसा परत यायचा, हे मला ठाऊक होतं. तिच्याजवळ साठवलेलं काहीच नव्हतं. आणि मी तिची पिसं यायची वाट बघत बसलो होतो.

मी लॅपटॉप तसाच टाकून उठलो आणि ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्यात भरपूर तूप घातलं. तिच्यासमोर बसून हाताने घास तिच्या तोंडाजवळ नेला. तिने तोंड घट्ट मिटलं होतं. डोळेही मिटले. मी हात तसाच धरून ठेवला.

"तुम्ही जेवले का?" तिने विचारलं.

आई मला कधीच अहो-जाहो करत नाही; तसं ती फक्त बाबांना विचारायची. मागे वळून बघावंसं वाटलं, इतक्या सहज ती कुणालातरी विचारत होती.

"हो, जेवलो," मी म्हणालो.

तिने तोंड उघडलं.

आता तिची तब्येत सुधारली आहे. दिवसभर ती माझ्याशी माझी आई म्हणूनच बोलते, काकूंच्या टोमण्यांची परतफेडही करते. पण ताटावर बसली की डोळे मिटून तेच विचारते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय घास घेत नाही. मी रोज उत्तर देतो. अलीकडे देण्याआधी क्षणभर थांबतो, कारण कधीतरी माझ्याआधी दुसरंच कुणी हो म्हणेल, अशी मला भीती वाटते. आणि खोटं कशाला बोलू, तसं व्हावं असंही वाटतं.