मागच्या रांगेतली मुलगी

लेकीचा पुण्याहून फोन आला. ती नाच शिकते. एका नावाजलेल्या बॅले नृत्यदिग्दर्शकाचं चांगलं चरित्र कुठलं, असं विचारत होती. मी परसात काजूच्या बिया भाजत होते. तो उग्र धूर नाकात गेला आणि गोव्यातल्या पार्से गावचं माझ्या माहेरचं अंगण डोळ्यांपुढे आलं.

कॉलेजात असताना त्याच माणसाचं जाडजूड चरित्र मी पणजीच्या ग्रंथालयातून आणलं होतं. दुसरं मिळालंच नाही, म्हणून मला तेच चांगलं वाटलं. आई अंगणात बिया फोडत होती. काजूच्या तेलानं हात काळे झाल्यामुळे तिनं पुस्तकाला हात लावला नाही. "तूच पानां उलट," म्हणाली.

एका फोटोवर तिनं मला थांबवलं. पांढऱ्या झग्यांतल्या मुलींची लांब रांग होती. आई स्वतः दर वर्षी धालो या बायकांच्या नाचात, गावच्या मांडावर म्हणजे नाचाच्या ठरलेल्या जागी, रांगेत नाचायची. कोपरानं मागची एक मुलगी दाखवत तिनं विचारलं, "हिचां नाव काय गो?"

खाली नाव एकच होतं, नृत्यदिग्दर्शकाचं. तो तर फोटोत नव्हताच.

"नाचता ही नी नाव त्याचां? मांडार असां केलां तर दुसऱ्या वर्सा कोण येतली?" एवढं बोलून ती परत बिया फोडायला लागली. मला तेव्हा हसू आलं होतं.

लेकीला मी म्हटलं, "आधी फोटोंखाली बघ. मागच्या रांगेतल्या मुलींची नावं असतील, ते पुस्तक घे."

संध्याकाळी तिचा मेसेज आला, "चार बघितली. एकात आहेत."