निळा पाय, हिरवा पाय

शिट्टीमामांच्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते पायलॉनपाशीच झालं. हा शब्द त्यांनी विशीत ऐकला, नदीवरच्या पुलाच्या कामावर. ज्या दोन उंच खांबांवरून पुलाचे दोर ताणतात त्यांना तिथले साहेब पायलॉन म्हणत. पुढे मामा विजेच्या टॉवरना रंग द्यायच्या कामाला लागले, तर इथले साहेब त्या लोखंडी सांगाड्यालाही पायलॉनच म्हणत. आणि एक साहेब तर असा भेटला, की रस्त्यात गाड्या वळवायला जे नारिंगी शंकू मांडतात त्यांनाही तो पायलॉन म्हणाला. "साहेबलोकांकडे शब्दांचा दुष्काळ पडलाय," असं मामा तेव्हा म्हणाले होते. पण मनातून त्यांना तो शंकूच सगळ्यांत आवडे, कारण त्याच्यावर चढावं लागत नाही.

मामा मुळात भित्रे नव्हते. बावीस वर्षं ते माकडासारखे वर जात होते. मग एके दिवशी, चाळीस मीटरवर, त्यांचे हात लोखंडाला चिकटले. वारा नव्हता, पाय घसरला नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. बोटं उघडेनात, एवढंच. दोन तासांनी त्यांचा जोडीदार वर गेला. त्याला सगळे नुसतं रंगारी म्हणत. त्याने आईवरून शिव्या घालत मामांचं एकेक बोट सोडवलं आणि त्यांना खाली आणलं. त्यानंतर मामा कधी वर गेले नाहीत. त्यांना खालची राखण मिळाली, गळ्यात शिट्टी आली आणि जुनं नाव लोक विसरून गेले.

राखण म्हणजे बसून विड्या फुंकणं नव्हे. टॉवरच्या दोन बाजूंनी दोन लाइनी जातात. काम असेल त्या दिवशी एकच बंद करतात, दुसरी चालूच असते, आणि चालू लाइनीच्या नुसतं जवळ गेलं तरी माणसाचा कोळसा होतो. म्हणून एका बाजूच्या पायावर निळी पाटी, दुसऱ्या बाजूच्या पायावर हिरवी. जी लाइन बंद, त्या रंगाची पट्टी चढणाऱ्याच्या मनगटावर. चढण्याआधी प्रत्येकाने हात पाटीला लावायचा आणि दोन्ही रंग मोठ्याने बोलायचे राखणदाराने. चढणाऱ्याने ब्र काढायचा नाही. घाईतल्या माणसाला जे हवं तेच दिसतं, असं फोरमन म्हणे. खालच्याला कसली घाई?

खालच्याला घाई नव्हती, पण मोतीबिंदू होता.

गेल्या उन्हाळ्यापासून निळं आणि हिरवं मामांना एकच दिसू लागलं होतं, दोन्ही शेवाळलेल्या पाण्यासारखं. डॉक्टरकडे जावं तर कागद कचेरीत जाणार आणि आंधळ्या राखणदाराला कोण ठेवणार? तेव्हा मामांनी युक्ती काढली. सकाळी गाडीतच फोरमनला सहज विचारायचं, "आज कुठली बंद?" तो म्हणाला निळी, की दिवसभर निळा, निळा, निळा. निव्वळ पोपटपंची! चढणारा चुकून दुसऱ्या पायाशी उभा राहिला असता तरी मामा "निळा" म्हणालेच असते. पण गडी जुने होते, कोणी चुकलं नाही. रोज संध्याकाळी सगळे खाली आले की मामा देवाला हात जोडत आणि उद्या सांगून टाकू म्हणत. तो उद्या काही उजाडला नाही.

उजाडली ती वेगळीच सकाळ. तारा टॉवरपासून अलग ठेवणाऱ्या वरच्या चिनी मातीच्या चकत्या तपासायला नवीन कामगार येणार होती, आणि गाडीतून उतरली ती मामांची धाकटी लेक. हौसेने विजेचं काम शिकलेली, बापाच्या तुकडीसाठी साहेबांमागे लागून आलेली.

"बाबा, घरी मुद्दाम नाही सांगितलं," ती हसत म्हणाली. "म्हटलं, पहिल्यांदा चढायचं तर तुमच्याच शिट्टीखाली."

फोरमन सकाळी "हिरवी" म्हणाला होता. लेकीने पट्टा आवळला, एका पायाशी गेली आणि हात पाटीला लावला. मामांनी डोळे ताणले. शेवाळ, आणि शेवाळावर शेवाळ.

"हिरवा," त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "हिरवा. जा."

ती चढू लागली. दहा मीटर, पंधरा. मामा टॉवरला प्रदक्षिणा घालून आले, दुसऱ्या पायाची पाटी पाहिली. तीही तशीच. ती नवीन आहे, घाईत आहे. ती चुकली असेल तर? वरून तारांची गुणगुण ऐकू येत होती, पण ती कुठल्या बाजूची हे कोणाला कळणार? फोरमन गाडीमागे फोनवर होता. त्याला जाऊन विचारावं, तर तोवर ती तारा लटकतात त्या पहिल्या आडव्या हातापर्यंत पोचली असती.

मामांनी शिट्टी तोंडात धरली आणि दम संपेपर्यंत फुंकली. तीन लांब शिट्ट्या, म्हणजे सगळ्यांनी जिथल्या तिथे काम सोडून खाली.

ती उतरली, तोंड पांढरंफटक. फोरमन धावत आला. त्याने तिचं मनगट पाटीला लावून पाहिलं. हिरव्यावर हिरवं, सगळं बिनचूक.

"अहो मामा, बरोबर तर आहे! कशाला बोंब मारलीत?"

मामा काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "वर वारा वाटत होता मला. बाबांनी ठीकच केलं." गड्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "मामांचं काम म्हणजे काम!"

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. नोकरी राहिली असती, अब्रू राहिली असती. पण ती पुन्हा पट्टा आवळू लागली होती, आणि पुन्हा त्यांनाच रंग सांगायचा होता.

"वाऱ्याचं काही नाही," मामा म्हणाले. "मला निळं-हिरवं दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून. मी नुसतं म्हणतो."

लेकीच्या हातातला पट्टा तसाच लोंबत राहिला. फोरमन दोन पावलं पुढे आला. मामांना वाटलं, आता हा शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण बोलला तो रंगारी. उन्हाळ्यापासून एकही दिवस न चुकता तो वर गेला होता. तो मामांच्या समोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू विचारलं, "पोरगी चढली तेव्हा वाजवलीस. मी चढत होतो तेव्हा का नाही वाजवलीस रे?"

मामांना उत्तर ठाऊक होतं. ते रंगाऱ्यालाही ठाऊक होतं.