सहाशे पंचाहत्तर पट

रादोस्तिना मावशीने उभा जन्म आमच्या यांबोल गावात बस चालवली. निवृत्त झाल्यावर तिने हौसेने पेन्चोच्या दुकानातून दुर्बीण आणली. खोक्यावर शनी असा छापला होता की त्याच्या कड्यावर बसून पाय हलवावेत. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘६७५ पट मोठं! विश्व तुमच्या अंगणात!’

विश्व काही आलं नाही. सगळ्यात जोरकस भिंग लावलं की नळीत नुसता थरथरता चिखल दिसायचा.

गावात आकाशप्रेमींचं मंडळ होतं. शुक्रवारी ते ल्युबेनच्या कॉफीघरात जमायचे आणि फेकाफेकी रंगायची. कुणी गुरूवरचे ढग सरकताना पाहिलेले. अध्यक्ष ल्युबेनने तर चंद्रावरचा झेंडा पाहिला होता. एका शुक्रवारी मावशीही गेली. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला चिखल दिसला.”

ल्युबेन समजुतीने म्हणाला, “नजर सरावावी लागते, मावशी.”

“मी बस चालवलीय रे. माझी नजर कच्ची असती तर तुझं हे कॉफीघर कधीच जमीनदोस्त झालं असतं.”

मी शेजारच्याच टेबलावर होतो. मला हसू आवरेना. मावशी मात्र हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. पेन्चो म्हणाला, “माल एक नंबर आहे. तुमच्या वयाला डोळे...”

“वयावर जाऊ नकोस. भिंगावर बोल.”

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मग संध्याकाळी मावशीने दुर्बीण त्याच्या दारासमोरच्या फुटपाथवर मांडली. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं: ‘६७५ पट. काहीही दिसत नाही. फुकट बघा.’ अर्धा चंद्र छपरांवर आला होता. सूर्यफुलाच्या बिया चघळत लोक थांबू लागले. वाकायचे, बघायचे आणि हसत बाजूला व्हायचे.

पेन्चोने नगरपालिकेच्या शिपायाला बोलावलं. शिपाई दरडावून म्हणाला, “बाई, हे हटवा!”

“आधी बघा. मग हटवते.”

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. “काय दिसायला हवं?”

“ते खोकं छापणाऱ्याला विचारा.”

मग तिने ते भिंग काढलं आणि सगळ्यात कमी ताकदीचं लावलं. “आता बघा.”

चंद्र लहान दिसत होता, पण सुरीसारखा धारदार. खड्ड्यांच्या कडांवर ऊन पडलेलं. शिपाई हळूच म्हणाला, “अरे बापरे!” आणि टोपी काढून पुन्हा वाकला. फुटपाथवर रांग लागली. दुर्बीण हटवायची हेही तो विसरला.

पेन्चो बाहेर आला. “मावशी, पैसे परत देतो. पुठ्ठा काढा.”

“पैसे ठेव. दुर्बीण चांगली आहे, थाप वाईट आहे. तू खोक्यांवरचा आकडा झाक, मी पुठ्ठा काढते.”

तो तणतणत आत गेला. मावशीही हटली नाही. आभाळ निरभ्र असलं की ती पुठ्ठ्यासकट तिथे हजर. शेवटी पेन्चोने प्रत्येक खोक्यावर त्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवला. कुठे वाकडा, कुठे सुरकुतलेला, पण चिकटवला.

मंडळाने मावशीला कधी बोलावलं नाही. एकदा ल्युबेन मात्र रांगेत उभा दिसला, कॉलर वर करून. त्याची पाळी आली तेव्हा मावशीने झेंड्याचं नावही काढलं नाही. नुसती बाजूला सरकली आणि म्हणाली, “श्वास रोखून बघ. नळीला हात लावू नकोस.”