त्याच्या कॅसेटला माझं उत्तर

आमची सुपारी फुटली तेव्हा मी कन्नडजवळच्या आमच्या गावात मेंढरं राखायचे आणि तो वाळूजच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. आम्ही एकमेकांना एकदाच पाहिलं होतं, तेही दहा माणसांत. दर रविवारी भेटायला येतो म्हणाला होता, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीनं शहर पेटलेलं. मोर्चे निघत, बंद पुकारला जाई, एसटी मध्येच थांबे. मग त्यानं गुलमंडीतून प्रेमगीतांची कॅसेट भरून घेतली आणि माझ्या दादाच्या हाती पाठवून दिली.

दादाच्या टेपवर वहिनी आणि मी ती ऐकली. गाण्यातली पोरगी सारखी लाजत होती. वीज चमकली की आपल्या गड्याला बिलगायची, काटा रुतला की रडायची. ती ‘नाही’ म्हणाली की तो खूश व्हायचा, कारण तिचं ‘नाही’ म्हणजे ‘हो’ असतं, हे त्याला कसं कोण जाणे ठाऊक होतं.

वहिनी म्हणाली, “ही तू हायेस व्हय?”

“मी कशाला? हिला दोन मेंढरं पण राखता यायची नायत.”

आम्ही हसून लोटपोट झालो. मला काय सुचलं कोण जाणे, कॅसेट उलटी केली, रेकॉर्डचं लाल बटण दाबलं आणि दुसऱ्या बाजूच्या गाण्यांवर सरळ बोलत सुटले.

“अहो, वीज कडाडली की मला बिलगायला येळ नसतो. मेंढरं बिथरतात, ती आवरावी लागतात. काटा मी माझा काढते, मेंढराचाबी काढते. चंद्र आणू नका, दारात नळ आसंल आशी खोली बघा. आन मी नाय म्हणलं की नायच समजा.” शेवटी वहिनीनं कोपरानं ढोसलं म्हणून विचारलं, “गाण्यातला गडी कशालाच भीत नाय. तुम्हाला कशाची भीती वाटती?”

कॅसेट दादासोबत परत गेली आणि मग माझी पाचावर धारण बसली. सुपारी मोडली तर?

पंधरा दिवसांनी एसटी सुरू झाल्या आणि तो आला. दारातच कानापर्यंत लाल. खोलीवरच्या तिन्ही दोस्तांना गाणी ऐकवायची म्हणून त्यानं नेमकी तीच बाजू लावली होती.

“काय म्हणाले ते?” वहिनीनं विचारलं.

“म्हणले, आमची होणारी वहिनी लई खमकी हाय, जपून ऱ्हा.”

वहिनी चहा टाकायला आत गेली. तो टोपी हातात फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, “प्रेसची भीती वाटती. बाजूच्या मशीनवरच्या गड्याची दोन बोटं गेली. तवापासून प्रेसखाली हात घालताना धा येळा बघतो. घरी कुणाला सांगितलं नाय.”

म्हटलं, “मग दुसरं काम मागा की.”

“गड्यानं भ्यालो म्हणून सांगायचं?”

“मला सांगितलंच की आत्ता.”

तो हसला. त्याआधी हे लग्न घरच्यांनी ठरवलेलं होतं. त्या दुपारी ते मीही ठरवलं. महिन्याभरानं त्यानं साहेबाला विचारून स्टोअरमध्ये बदली करून घेतली. नळ असलेली खोली मात्र मिळायला तीन वर्षं लागली. तोवर पाणी आम्ही दोघांनी भरलं.