ठाण्याभोवतीचा गोल

ती घटना आजही आठवली की मी आधी घड्याळ बघतो. निवृत्त माणसाला घड्याळाशी काय काम, असं बायको विचारते. तिला उत्तर द्यायचं तर माझा गाढवपणा पहिल्यापासून सांगावा लागेल. तिच्याऐवजी तुम्हालाच सांगतो.

महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या, रस्त्यालगतच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. रविवारी दुपारी चारच्या सुमारास मायलेकी आत आल्या. आई तुडीलकडच्या एका वाडीत अंगणवाडी सेविका. मुलीचा नुकताच रत्नागिरीला नर्सिंगला नंबर लागलेला. महाडच्या स्टँडवर त्यांची लाल नाडीची काळी पिशवी गेली होती आणि पिशवीत मुलीचे सगळे मूळ दाखले होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि अकरा महिने खेपा घालून मिळवलेलं जातवैधता प्रमाणपत्र. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हे कागद कॉलेजात दाखवले नाहीत तर जागा पुढच्या नंबराला जाणार होती.

"मी स्वताच्या हातानं टाकली हो पिशवी खिडकीतून, सीट धरायला," आई सांगत होती. "दारातून चढून मागं जाते तर सीट मोकळी! दोन मिन्टांत कुणीतरी हात मारलान."

खिडकीतून पिशवी नाहीतर रुमाल टाकून सीट धरणं हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा आहे. त्या रुमालाला जो मान आहे तो खाकी कपड्यांना नाही. तो कायदा मोडणारा माणूस म्हणजे सराईतच, असं मी जागेवर ठरवून टाकलं. तपासात आधीच काही ठरवू नये, हे नव्या भरतीच्या पोरांना मीच शिकवत असे. शिकवून झालं की माझा त्या नियमाशी संबंध संपायचा.

मुलीच्या मुंबईच्या मामेभावाने पिशवीत नाण्याएवढी एक चकती ठेवून दिली होती. जवळून कोणाचा स्मार्टफोन गेला की ही चकती त्याच्यामार्फत आपला ठावठिकाणा कळवते आणि मुलीच्या फोनमधल्या नकाशावर ठिपका सरकतो. तो ठिपका महाडहून निघाला, आमच्या ठाण्यापुढून गेला, डोंगराकडे वळला आणि चढणीच्या पायथ्याशी थांबला. म्हणून या दोघी ठिपक्यामागे आमच्याकडे आल्या होत्या.

मी लगेच दोन शिपाई पाठवले. तासाभराने भिजून परत आले.

"साहेब, तिथं एक मोरी हाय आणि एक म्हैस."

"म्हशीची झडती घेतली का?" आमच्या महिला हवालदार ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून म्हणाल्या. बाई कामाला चोख आणि जिभेला तिखट.

मुलीने समजावलं, "सर, वरच्या गावांत रेंज नसेल. हा ठिपका म्हणजे पिशवी शेवटची दिसली ती जागा."

फोनमध्ये आणखी एक सोय होती. नकाशावर गोल आखायचा. पिशवी गोलात आली किंवा गोलाबाहेर गेली की फोन वाजणार. डोंगरातून उतरायला रस्ता एकच. पायथ्याशी गोल आखला की चोर आपोआप हातात.

"द्या इकडे, मी करतो," मी म्हणालो. अलिबागला दोन दिवसांचं तांत्रिक प्रशिक्षण मी घेतलेलं होतं. शेवटच्या रांगेत बसून घेतलं, पण घेतलं. बोटाने गोल ओढला, कुठेतरी दाबलं आणि ऐटीत फोन परत दिला.

मायलेकी पोलादपूरला मावशीकडे राहिल्या आणि सकाळी आठला पुन्हा बाकावर येऊन बसल्या. पायथ्याशी सहापासून नाकाबंदी लावली होती. मी बसू शकत नव्हतो. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत फेऱ्या मारत होतो. आई नुसती मुलीच्या हातातल्या फोनकडे बघत होती आणि मुलगी आईकडे.

दहाला पाच कमी असताना फोन वाजला. पिशवी गोलात आली होती!

मी वायरलेसवर ओरडलो, "आला! कोणालाही सोडू नका!"

पलीकडून उत्तर आलं, "साहेब, इथं कुत्रं पण नाय."

मुलीने नकाशा मोठा केला आणि हळूच म्हणाली, "सर, हा गोल तर या ठाण्याभोवती आहे."

मी गोल ओढला होता, पण जागा निवडली नव्हती. फोन जिथे होता तिथेच गोल बसला होता. हवालदारबाईंनी तोंडावर नोंदवही धरली. पण लाजायला वेळ नव्हता. याचा अर्थ पिशवी ठाण्याच्या आवारात होती! मी फाटक लावायला सांगितलं. आत आलेली माणसं दोनच होती. एक म्हातारे पोलीस पाटील. दुसरा, जामिनाची अट म्हणून दर सोमवारी दहाला हजेरी द्यायला डोंगरातल्या गावाहून येणारा खिसेकापू. अंगठा उमटवून तो नुकताच वळत होता.

पोलीस पाटलांना मी चहा सांगितला आणि याला आत घेतलं.

"पिशवी कुठाय?"

त्याचा चेहरा उतरला. "कंची? काळी? लाल नाडीची?"

मी टेबलावर हात आपटला. लाल नाडीचं मी काहीच बोललो नव्हतो! तेवढ्यात मुलगी दारातून म्हणाली, "सर, फोन पुन्हा वाजला. पिशवी गोलाबाहेर गेली."

माणूस माझ्यासमोर बसलेला आणि पिशवी बाहेर चाललेली. कोणाही शहाण्याने इथे थांबून विचार केला असता. मी म्हणालो, "अच्छा! जोडीदार कोण आहे?"

पुढची पंचवीस मिनिटं मी त्या जोडीदाराचं नाव विचारण्यात घालवली. तो एकच सांगत होता. "साहेब, ती पिशवी गाडीत हाय. मुक्कामाची एसटी. काल सांजच्याला वर आली, आज खाली आली. मी तिच्यातनंच उतरलो. मागच्या लांब सीटखाली पडलीय. हात खाली गेला तवा लागली."

"हात खाली कशाला गेला?"

"सवय हाय साहेब, आता काय सांगू! पण काढून घेतला. सोमवारचा जामीनवाला माणूस मी. पायानं आणखी आत ढकलली आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसलो."

"कंडक्टरला का नाही दिलीस?"

"मी दिली असती तर त्यानं पिशवी धरली असती का मला?"

मी आवाज वाढवला. तेव्हा आई न विचारता आत आली. माझ्याकडे न बघता त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, खरं सांग. हाय गाडीत?"

"हाय गो माये. पोराबाळांची आण. शेवटच्या खिडकीची काच नाय तिला. तिथनंच कुणीतरी आत टाकली असणार."

आईने डोळे मिटले. "दोन गाड्या लागलेल्या स्टँडला. दोन्हींच्या मधी उभी होते मी. एकीच्या खिडकीत टाकली असंल आणि दुसरीत चढले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उठा साहेब. खरं बोलतोय तो."

चोरी झालीच नव्हती. आणि मी लावलेल्या नाकाबंदीतून पिशवी सकाळी निवांत खाली आली होती, कारण एसटी तपासायची कोणाला सुचलंच नाही. चोर मोटारसायकलवर असतो अशी आमची श्रद्धा.

साडेदहा झाले होते. महाडच्या स्टँडचा फोन लागेना. गाडीचा नंबर खिसेकापूला पाठ होता. त्याला आणि मायलेकींना जीपमध्ये घातलं आणि निघालो. वाटेत रस्त्याचं काम, समोर ट्रेलर. मी चालकाला ओरडत होतो, मुलगी मनात तास मोजत होती. रत्नागिरी तिथून चार तास, आणि आम्ही उलट्या दिशेला चाललो होतो. स्टँडवर पोचलो तर गाडी सव गावाच्या फेरीला गेलेली. पुन्हा तिच्यामागे. सवच्या अलीकडे तिला आडवी जीप घातली. प्रवाशांना वाटलं गाडीत अतिरेकी आहे.

मुलीने फोनवर काहीतरी दाबलं आणि मागच्या सीटखालून चिमणीसारखा आवाज यायला लागला. आमचा खिसेकापू वाकला, हात पुढे केला आणि मध्येच थांबला.

"साहेब, मी हात नाय लावत. तुमी काढा."

तांदळाच्या पोत्यामागून मी पिशवी ओढली. कागद कोरडे होते. आई तिथेच गाडीच्या पायरीवर बसली. एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला गळ घालून दोघींना रवाना केलं, तेव्हा बारा वाजून गेले होते. दुपारभर मी एकही कागद धड वाचला नाही. पाचला वीस कमी असताना मुलीचा फोन आला. "सर, घेतले कागद!" मागून आईच्या रडण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी स्टेशन डायरी लिहायला घेतली. खिसेकापू अजून बाकावर होता.

"साहेब, त्यात माझं नाव येईल? एवढी वर्षं हितं नाव लागतंय. एकदा चांगल्याला लागू दे. कोर्टात उपेगी पडंल."

"बघू," मी म्हणालो.

आणि बघितलं ते असं. त्याचं नाव लिहायचं तर चुकलेला गोल, बंद फाटक आणि ती पंचवीस मिनिटं, सगळंच लिहावं लागलं असतं. मी लिहिलं, 'तांत्रिक तपासाच्या आधारे पिशवी मिळून आली.' या एका वाक्याबद्दल मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्रक मिळालं. हवालदारबाईंनी ते वाचलं आणि त्या दिवसापुरत्या माझ्याशी अतिशय आदराने बोलल्या. तो पुढे कित्येक सोमवार आला, अंगठा उमटवून गेला. नावाचं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नोंद ज्या दिवसाची त्याच दिवशी करायची असते, हे मी तीस-पस्तीस वर्षं हाताखालच्यांना दरडावून सांगितलं. मला ते कळायला निवृत्त व्हावं लागलं.

गेल्या महिन्यात हे लिहायला बसलो तेव्हा त्याचा नंबर मिळवून फोन केला. सगळं खरं लिहितोय म्हणालो, आणि तुझं नाव घालू का, असं विचारलं.

तो म्हणाला, "तवा लिवायला पायजे होतंत, साहेब. आता पोरीची सोयरीक चाललीय. नाव आलं की आधी चोर येईल, पिशवी मागनं."

म्हणून नाव लिहिलेलं नाही.