पाण्याखाली वाजलेले दगड

इथे लोकांनी लिहिलेले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर गंमत म्हणूनच वाचते. शहापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. जे दिसलं नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरलीय की घरीही मी तशीच वागते. अंगारा, दृष्ट, बाहेरचं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण हे जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

मागच्या हिवाळ्यात आम्ही अंदमानला गेलो होतो – मी, माझा नवरा दिलीप आणि मुलगी तन्वी. तन्वीला ठाण्यात नोकरी लागली आणि जरा मोठी सुट्टी मिळताच तिने आम्हाला न विचारता तिकिटंच काढली. दिलीपचं शहापुरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शिवाय घरची भातशेती. दुकान बंद ठेवायचं म्हणून तो आधी खूप कुरकुरला. मग विमानात खिडकीची सीट मात्र त्यानेच घेतली.

हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंग करायचं हा तन्वीचा हट्ट होता. सकाळी एका छोट्या बोटीतून आम्हाला किनाऱ्यापासून थोडं आत नेलं. दिलीपला नाश्त्यापासूनच मळमळत होतं, पण बोटीत बसल्यावर निम्म्या लोकांना मळमळतंच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. "मी नाय उतरत. तुमी दोघी जावा, मी हितंच बसतो," म्हणून तो टोपी घालून कोपऱ्यात बसला.

आम्हा दोघींबरोबर एक-एक इन्स्ट्रक्टर होता. माझ्याबरोबरचा अरुल, तिथेच वाढलेला तमिळ मुलगा. त्याने हाताच्या खुणा शिकवल्या. अंगठा आणि बोट जुळवलं की सगळं ठीक. अंगठा वर केला की 'छान' नाही, तर 'मला वर ने'. हे त्याने दोनदा बजावलं, कारण नवे लोक खुशीत येऊन अंगठा दाखवतात म्हणे.

मला पोहता येतं. तरी तोंडातल्या नळीने श्वास घेताना सुरुवातीला जीव घाबरा झाला. मग हळूहळू जमलं... आणि काय सांगू! खाली वांग्याच्या रंगाची प्रवाळं, त्यांच्यावरून हळदीसारखे पिवळे मासे, आणि या सगळ्यात आवाज फक्त माझ्या श्वासाचा, बुडबुड्यांचा. आयुष्यात इतकी निवांत मी कधी झाले नव्हते.

आणि तेव्हा ते ऐकू आलं.

टक्-टक्... टक्.

हा आवाज काय होता ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझं माहेर धसई गावाच्या पुढचं एक खेडं. आमच्या बाबांनी गावातल्या निम्म्या पोरांना नदीच्या डोहात पोहायला शिकवलं. आम्ही बुड्या मारत असायचो, तेव्हा काठावरून मारलेल्या हाका खाली ऐकू येत नसत. मग बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे आणि हातातले दोन दगड पाण्याखाली एकमेकांवर आपटायचे. दोन ठोके लगोलग, जरा थांबून तिसरा. म्हणजे, असाल तिथून वर या. तळाशी असलं तरी तो आवाज थेट कानात घुसायचा. अशी हाक गावात दुसरं कुणी देत नसे. बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली.

मी मान वळवून पाहिलं. अरुलचा एक हात माझ्या पाठीवरच्या हवेच्या टाकीवर होता, दुसऱ्या हातात कॅमेरा. लांब तन्वी आणि तिचा इन्स्ट्रक्टर दिसत होते. आवाज पुन्हा आला. तसाच. दोन, मग एक.

भीती वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. उलट पाठीवर कुणी ओळखीचा हात ठेवावा तसं वाटलं. विचार करायच्या आतच माझा अंगठा वर गेला. अरुलने 'ठीक आहे ना?' अशी खूण केली. मी पुन्हा अंगठाच दाखवला. त्याने मला हळूहळू वर आणलं.

वर आल्यावर म्हणाला, "क्या हुआ मॅडम? अभी तो बहुत टाइम बाकी था."

दगडांचं सांगायची मला लाज वाटली. मी बोटीकडे पाहिलं. दिलीप लाइफ जॅकेटच्या ढिगाला टेकून बसला होता, तोंडावर टोपी. बोटवाला दुसऱ्या बाजूला तन्वीचे बुडबुडे बघत उभा होता. साहेब मघाशीच झोपले, असं तो म्हणाला. मी बोटीला धरून "अहो" अशी हाक मारली. हालचाल नाही. कशीबशी वर चढले, टोपी बाजूला केली.

चेहरा राखेसारखा. शर्ट घामाने चिंब. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"कोनीतरी छातीवर बसलंय गो..."

मग सगळं भराभर झालं. अरुलने तन्वीला वर बोलावून घेतलं, बोट जेटीकडे सुटली. बेटावरच्या दवाखान्यात ईसीजी काढून लगेच इंजेक्शन दिलं आणि मग पोर्ट ब्लेअरला हलवलं. हार्ट अटॅक होता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर तन्वीने विचारलं, "आई, तू मधेच वर का आलीस?" मी सांगितलं. ती तर माझ्यापासून फार लांब नव्हती, पण तिला काहीही ऐकू आलं नव्हतं. संध्याकाळी अरुल भेटायला आला, त्यालाही विचारलं. लक्ष वेधायला ते लोक टाकीवर धातूने वाजवतात, पण तो आवाज घंटीसारखा असतो, आणि त्या वेळी कुणीच वाजवलं नव्हतं.

त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात दगडांचा आवाज नाही. नुसते बुडबुडे. पण मी मान वळवते त्याच्या जरासं आधी माझ्या पुढ्यातला पिवळ्या माशांचा घोळका लगोलग दोनदा बिचकतो... थांबतो... आणि पुन्हा एकदा बिचकतो.

मासे कशानेही बिचकतात, मान्य. पाण्यात लांबचा आवाज येतो, कानावर दाब येऊन भास होतात, समुद्रातल्या काही कोळंब्याही टकटक करतात म्हणे. हे सगळं मी वाचून काढलंय. एकेक कारण आपापल्या जागी पटतं. ती ओळखीची लय, आणि नेमकी तीच वेळ... तिथे मात्र सगळी कारणं कमी पडतात.

दिलीपला मी हे बरेच दिवस सांगितलं नाही. त्याला कारण होतं. आमचं लग्न बाबांच्या मनाविरुद्ध झालेलं. म्हसा गावच्या जत्रेत आमची ओळख झाली, आणि बाबांना तर सरकारी नोकरीवाला जावई हवा होता. तन्वी झाल्यावर ते आमच्याकडे येऊ लागले, राहू-जेवू लागले, पण दिलीपशी शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तो समोर बसलेला असायचा आणि ते मला म्हणायचे, "विचार त्याला, भात हवा का." जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत.

एका सकाळी चहा पिताना शेवटी सगळं सांगून टाकलं. तोवर दिलीप हिंडू-फिरू लागला होता, थोडा वेळ दुकानातही जात होता. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला.

मग म्हणाला, "बग, या टायमाला पन मला नाय बोलले. तुलाच सांगितलं."

आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता.

खुलासा माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. इतकी वर्षं दिलीप त्यांना 'तुजे वडील' म्हणायचा. त्या सकाळपासून 'बाबा' म्हणतो.