भरलेल्या ट्रकाचा सराव

एक सांगा मला, सरावाच्या पेपरात मिळालेले गुण शेवटी जातात कुठे? ताईला विचारलं, ती हसली. बाबांना विचारलं, ते काडेपेटी शोधायला लागले. आता ताईच नाही. यंदा चतुर्थीच्या आधी तापात गेली. कोणाला विचारू?

असो. मी काय घोळ घातला होता ते ऐका. चहा निवला तरी चालेल, पण ऐकाच!

ताईची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा थोडक्या गुणांनी हुकली. पुन्हा बसायचं ठरलं. बाबांनी बजावलं, ही शेवटची खेप, नाहीतर लग्न. ताई मला म्हणाली, "डिचोलीला जातोयस ना? सरावाचे पेपर आण."

मी सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवणारा, शाळा कधीच सोडलेली. पण सराव म्हणजे काय, ते मला शिकवणार कोण? माझ्या उस्तादानं मला पहिल्यांदा भरलेलाच ट्रक चढावर दिला होता. त्यानंतर रिकामा ट्रक म्हणजे सायकल!

दुकानात ऐटीत म्हटलं, "डॉक्टरांच्या परीक्षेचे पेपर द्या. सगळ्यात कठीण!"

"सगळ्यात?"

"त्याहून कठीण असतील तर ते!"

त्यानं माळ्यावरून विटेएवढं पुस्तक काढलं. घरी आणून मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. डिंक असा सढळ लावला, की नावाची पानंसुद्धा आत चिकटून गेली.

ताई सोडवायला बसली आणि रडायलाच लागली. "अभ्यासक्रम बदलला की काय? हे रोग मी ऐकलेसुद्धा नाहीत रे!"

"चढ आहे ताई, गिअर सोडू नकोस!"

रोज तेच. शेवटी तिनं पुस्तक मिटलं. "मी नाही बसत परीक्षेला."

बाबा म्हणाले, "पुरे झाला गो बाय. आता स्थळां बघूया." आणि इब्रामपूरची आत्या मुलाचा फोटो घेऊन हजर! मुलगा बरा होता हो, पण ताईचा चेहरा बघवेना.

शेवटचा उपाय म्हणून मी ताईला पुस्तकासकट आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ताईनं सोडवलेली पानं चाळली आणि खुर्चीत मागे रेलून हसल्या. "अगं, हे आम्ही डॉक्टर झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी सोडवतो! आणि यातली एवढी उत्तरं तुला आली?"

ताई तडक घरी आली. आल्यावर चहाबरोबरचा उंडो, म्हणजे आमचा टणक गोल पाव, नेमका माझ्या कपाळावर बसला. "जी परीक्षा द्यायची, तिचेच जुने पेपर आधी सोडवायचे असतात, बावळटा!"

फोटो इब्रामपूरला परत गेला. पुढचे पेपर ताईनं स्वतः निवडले. गुण चढत गेले.

मग ताप आला. इस्पितळातल्या खाटेवरूनही म्हणाली, "एक संच राहिलाय रे."

या वेळी मी शहाणा! इस्पितळासमोरच्या दुकानात परीक्षेचं नाव तीनदा विचारून घेतलं. पान उघडून बघितलं, वाचलं, आणि छाती फुगवून तो ताईच्या हातात दिला.

तिनं पहिलं पान बघितलं आणि अशी हसली, की सलाईनची नळी हलली आणि सिस्टर ओरडत आली.

"अरे, हा हिंदीतला! मी इंग्रजीतून देते ना!"

"मला वाचता आला, म्हणून घेतला."

"तेव्हाच कळायला हवं होतं तुला!"

आणि मी तो बदलून आणायला जिन्यावरून धावत सुटलो.